अडत्या हिमालय करतो

कळमन्याच्या मार्केट यार्डात हल्ली एक नवी जमात दिसते. वय पन्नाशीच्या आसपास, पोट गादीला शोभेल असं, आणि खांद्यावर दुपट्ट्याऐवजी पाच चेनचं जाकीट. मिरचीचा हंगाम आटोपलेला, संत्र्याच्या आंबिया बहाराला अवकाश, पावसानं आवक थंडावलेली. अशा दिवसांत पूर्वीचा अडत्या शेगावला नाहीतर तिरुपतीला जाऊन यायचा. आताचा अडत्या काश्मीर ग्रेट लेक्स ‘करून’ येतो.

यार्डात याला ‘भाऊ’ म्हणतात. भाऊंची तयारी भर उन्हाळ्यात सुरू होते. दर रविवारी पहाटे रामटेक. पाठपिशवीत दहा किलो तूरडाळ भरून अंबाळा तलावापासून गडमंदिराच्या पायऱ्या चढायच्या आणि खाली येऊन गरम तर्री-पोहे खायचे. वजन त्यामुळे जागचं हलत नाही, पण उत्साह वाढतो. बुटांचं वेगळंच. ते म्हणे पायात मुरावे लागतात, म्हणून भाऊ दुकानातही तेच घालतात. गादीवर बसताना बूट काढावेच लागतात. त्या घोट्याच्या वर गेलेल्या नाड्या सुटेपर्यंत पट्टी घ्यायला आलेला शेतकरी उभा, मुनीम उभा आणि हर्रासवाले पुढच्या ढिगाकडे गेलेले.

परत आल्यावर मात्र भाऊ कोणाला उभं ठेवत नाहीत. बसवतात, चहा मागवतात आणि सुरू होतात. सोनमर्गजवळच्या शितकडीहून निघायचं आणि नारानागला उतरायचं. मधे साधारण सत्तर किलोमीटर, विशनसर, कृष्णसर, गडसर, सतसर, गंगाबल अशी एकापुढे एक तळी आणि तंबूतला आठवडा. सगळ्यात उंच गडसरची खिंड, सुमारे ४,२०० मीटर. आपलं नागपूर ३१० मीटरच्या आसपास. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येतो. भाऊंनी हे शास्त्र आपल्या भाषेत बसवून घेतलं आहे : “ऑक्सिजनची आवक चाळीस टक्के घटली अन् मागणी डबल! मंग भाव कडाडणारच ना बाप्पा!”

रोज संध्याकाळी ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावायचा. “पहिल्या दिवशी ब्याण्णववर उघडला, खिंडीत ब्याऐंशीवर बंद झाला.” चढ म्हणजे तेजी, उतार म्हणजे मंदी. फक्त इथे मंदीत गुडघे जातात.

हरमुख शिखराखालच्या गंगाबलशी आले की भाऊंचा आवाज खाली येतो. बर्फाचं वितळलेलं पाणी, हात घातला तर टिकत नाही, आणि निळं असं की माल एवढा एकसारखा कसा, अशी व्यापाऱ्याला शंकाच यावी. “आठवडाभर मोबाइलले रेंज नाही. तुरीचा भाव काय चालू आहे, काही पत्ता नाही. अन् माहीत आहे का, तुरीचं काहीच बिघडलं नाही!” एवढं एकच वाक्य भाऊ हळू बोलतात. मग लगेच फोटो दाखवायला घेतात.

परवा फोटो पाहणाऱ्यांत एक म्हातारे हमालकाका होते. दिवसभर पन्नास किलोचे कट्टे पाठीवरून थप्पीला लावणारा हा माणूस. नागपंचमीच्या सुमाराला पचमढीजवळची नागद्वारची वाट काही दिवस उघडते, तेव्हा दर साल प्लास्टिकच्या चपलेवर सातपुडा चढून येतो. त्याचा एकही फोटो नाही.

“भाऊ, पिशवी किती किलोची व्हती?”

“दहा.”

“अन् मांगचा घोडा?”

भाऊ जरा घुटमळले. “तिसऱ्या दिवसापासून पिशवी घोड्यावर होती. पण काका, मजा येते! पुढल्या साली तुम्ही पण चला.”

“हमाली काय भाव देतेत तिथं?”

“देत नाही काका, आपणच भरायचे. कंपनीले.”

काकांनी पाठीवरचं बारदान सारखं केलं. “म्हंजे ओझं आपुनच वाह्याचं अन् पैसेबी आपुनच द्याचे? भाऊ, इतक्या वर्षांत मले इथं असा सौदा कोनी नाही केला. घोड्यानं किती भरले?”