एकच कमांड

खानदेशातील लिनक्सवाल्याची व्याख्या करणे हे काहीसे अनावश्यक काम आहे, कारण जळगावच्या गोलाणी मार्केटात संगणक दुरुस्तीला नेलेला किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर प्रिंटरचा टोनर भरून आणलेला प्रत्येक मनुष्य त्याच्या तावडीत एकदा तरी सापडलेला असतो. वय चाळिशीच्या पुढेमागे, पाठीवर सॅक, सॅकमध्ये किल्ल्यांच्या जुडग्यासारखे एका कडीत ओवलेले पाचसहा पेन ड्राइव्ह, आणि दुसऱ्याच्या संगणकावर विंडोजची खूण उमटताच सुतकात असल्यासारखा होणारा चेहरा, एवढ्यावरून त्याला ओळखता येते. परंतु निर्णायक लक्षण म्हणजे त्याच्या तोंडचे एक वाक्य. स्पीकरमधून आवाज येत नसो, वाय-फाय सापडत नसो किंवा मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असोत, तो खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, “एकच कमांड आहे.” धुळ्याकडे हेच वाक्य अहिराणीत “एकच कमांड शे, भो” असे ऐकू येते, कमांडची लांबी दोन्हीकडे सारखीच असते.

येथे कमांड म्हणजे काळ्या खिडकीत, जिला टर्मिनल म्हणतात, टंकून दिलेली आज्ञा होय. जे काम इतर लोक चित्रावर टिचकी मारून करतात तेच काम ही आज्ञा करते, फक्त ती पाठ असावी लागते. तिच्या आधी बहुधा ‘सुडो’ हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ एवढाच की आज्ञा देणाऱ्याला घटकाभर संगणकाचे मालकपण मिळते. घरात ज्याला टीव्हीचा रिमोट मिळत नाही अशा गृहस्थाला या शब्दाची गोडी का लागावी हे सांगण्यास मानसशास्त्राची गरज नाही. ‘लिनक्स’ हा शब्द सैलपणे वापरलेला त्याला खपत नाही. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये प्रसिद्ध केला तो केवळ गाभा, म्हणजे यंत्राचे भाग आणि वरचे प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसून कामे वाटून देणारा कारभारी. भोवतालची पुष्कळशी सामग्री रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आलेली असून दोहोंचे तयार गाठोडे बांधून देतात त्याला ‘वितरण’ म्हणतात, हे तो चहा निवेपर्यंत सांगतो. डेबियन, उबुंटू, मिंट ही सारी वितरणेच, आणि कोणते वितरण श्रेष्ठ यावर दोन लिनक्सवाल्यांचे एकमत झाल्याचे उदाहरण उपलब्ध नाही. हे सर्व ‘फुकट’ नसून ‘मुक्त’ आहे, म्हणजे त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, हा भेद त्याने सराफ बाजारातही समजावून पाहिला आहे. पण फुकट मिळणाऱ्या सोन्याकडे जळगावचा सराफ ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने त्याने या मुक्तीकडे पाहिले.

या वाक्याची कसोटी पाहायची तर एखाद्या दाळमिलच्या कचेरीत त्याला प्रिंटर जोडताना पाहावे. पहिली कमांड दिली की उत्तर येते, अमुक एक घटक हवा. तो मागवावा तर त्याला आणखी तीन हवेत. या प्रकाराला शास्त्रात ‘अवलंबित्व’ असे म्हणतात आणि त्याचे स्वरूप लग्नाला एका चुलत्याला पत्रिका द्यावी आणि सगळी भाऊबंदकी टेम्पो करून यावी असे असते. अकरा वाजता सुरू झालेले काम दीड वाजता अशा टप्प्याला पोहोचते की प्रिंटर तसाच असतो आणि संगणकाचा आवाजही गेलेला असतो. या अवधीत तो गाभ्याच्या रचनेवर बोलतो, जगातील पाचशे सर्वांत वेगवान महासंगणक 2017 च्या नोव्हेंबरपासून एकूण एक लिनक्सवर चालतात हे सांगतो आणि मुनीमजींच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच गाभा आहे हे फोन हातात घेऊन दाखवतो. मुनीमजी ऐकून घेतात आणि विचारतात, “भो, मना प्रिंटर?” त्यावर उत्तर ठरलेले आहे.

वास्तविक दोष सर्वस्वी त्याचा नाही. यंत्र बनवणारा कारखाना ते चालवण्यास लागणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, पुष्कळदा विंडोजपुरताच काढतो आणि यंत्राची आतली माहिती कोणाला देत नाही. अशा वेळी जगाच्या कोपऱ्यात कोणी स्वयंसेवक उलटा माग काढत ड्रायव्हर लिहितो आणि त्याची ती ‘एकच कमांड’ खानदेशात येऊन थांबते. समाजाची सवयही आड येते. 2001 पासून गावोगावी लोकांना संगणक शिकवणाऱ्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत ‘संगणक’ आणि ‘विंडोज’ हे शब्द समानार्थी ठरून गेले, आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या माहिती तंत्रज्ञान विषयात जीएनयूखाता हे जमाखर्चाचे मुक्त सॉफ्टवेअर शिकवले जात असले तरी ते शिकलेला मुलगा अडत दुकानी कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याला टॅली उघडायला सांगतात.

त्याची खरी शोकांतिका मात्र देवनागरीत घडते. याच प्रकारात मोडणाऱ्या धुळ्याच्या एका गृहस्थाने भाचीच्या लग्नाची पत्रिका मामाच्या हक्काने स्वतः जुळवली, तीही इंकस्केप या मुक्त चित्रप्रोग्रॅमवर आणि युनिकोडमध्ये. युनिकोड म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत. उलट छापखान्यांतील जुने मराठी फाँट हे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवून केलेले वेषांतर असते, म्हणजे पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी ते भलतेच काही असते. छापखान्यात पेजमेकर होते, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती 2001 सालची आहे आणि ज्याला युनिकोडमधील देवनागरी उमगत नाही. मजकूर त्यात उतरवताच कुलस्वामिनी एकवीरेच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची सरळ रांग उमटली. वराकडील वडीलधाऱ्यांना हा अपशकुन वाटला, डीटीपीवाल्याला रोजचाच प्रकार वाटला, आणि मामाने वर्णसंकेतनाचा इतिहास सांगण्यास आरंभ करून शेवटी म्हटले, “रूपांतराची एकच कमांड शे.” रूपांतर झालेही, परंतु त्यात पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर गेली आणि वराच्या आजोबांचे नाव वाचता येईना. पत्रिका अखेर त्याने रात्री बसून जुन्या फाँटमध्ये नव्याने टंकली, आणि त्यासाठी जे उघडावे लागले ते कुटुंबाला त्या रात्री प्रथमच कळले: त्याच्या संगणकात विंडोज होते. एका यंत्रावर दोन प्रणाल्या नांदवण्याच्या या सोयीला ‘ड्युअल बूट’ म्हणतात. सोवळ्याचे आणि ओवळ्याचे स्वयंपाकघर एकाच छपराखाली ठेवण्याचा हा प्रकार असून मोठमोठ्या कर्मठांच्या घरी तो आढळतो.

हा स्वभाव परदेशातून आयात झाला असे मानण्याचे मात्र कारण नाही. मूळ साधने सर्वांसमोर मांडावीत, म्हणजे कोणालाही ती तपासता येतील, हा आग्रह धुळ्याला फार जुना आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी दारोदार फिरून दप्तरे मिळवली, 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढले, आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करूनही अखेर धुळे जवळ केले. 1926 च्या 31 डिसेंबरला ते तेथेच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांचा संग्रह तेथेच जपत आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मतभेद झाल्यास मूळ मजकूर घेऊन वेगळी वाट धरतात, त्याला ‘फोर्क’ अर्थात फाटा म्हणतात. राजवाड्यांचे धुळे हा फाटा होता की नाही हे इतिहासकारांनी ठरवावे. त्यांच्या तिरसटपणाच्या कथा गाव अजून सांगते. पोटापाण्याकडे पाठ फिरवून दुसऱ्याच्या घरातील धुळीत हात घालणे आणि वर त्यालाच चार शब्द सुनावणे ही परंपरा असेल, तर सॅकवाला गृहस्थ तिचा धाकटा वारस ठरतो.

त्याची तपश्चर्याही लहान नव्हे. सातशे एमबी उतरवून घेण्यास दोन-तीन रात्री लागत अशा काळात त्याने ‘लिनक्स फॉर यू’ मासिकासोबत येणाऱ्या सीडी जपल्या, उबुंटूची मंडळी 2011 पर्यंत परदेशातून टपालाने मोफत पाठवत त्या सीडींसाठी पोस्टमनची वाट पाहिली, आणि आल्यावर त्या मित्रांना वाटून टाकल्या, ज्यांनी त्या पुढे पपईच्या झाडाला पाखरे हाकलण्यासाठी टांगल्या. दर आखाजीला, झोक्यांवर लेकीबाळी गाणी म्हणत असताना, हा ओट्यावर बसून ‘यंदाचे वर्ष लिनक्सचे’ असे भाकीत करतो. विंडोज एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014 रोजी थांबली तेव्हा मुहूर्त आला असे त्याला वाटले होते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची मोफत देखभाल संपली आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नसल्याने धडधाकट यंत्रेही विंडोज 11 ला चालेनाशी झाली, तेव्हा त्याने पेन ड्राइव्हचे जुडगे पुन्हा बाहेर काढले. बोलावणे फारसे आले नाही. ज्यांची यंत्रे जुनी झाली त्यांनी मोबाईलवरच भागवले, आणि त्या मोबाईलमध्ये लिनक्स आहे हे ऐकण्यास आता मुनीमजीही थांबत नाहीत.

एके ठिकाणी मात्र बोलावणे अजून येते. चोपडा, साक्री, शिरपूर अशा तालुक्यांच्या आडगावांत कोणीतरी टाकून दिलेले, दोन जीबी स्मृतीचे चार-पाच संगणक शाळेच्या एका खोलीत धूळ खात असतात. रविवारी हा मोटारसायकलवर साठ किलोमीटर जातो, बरोबरच्या भाकरी-ठेच्यावर दिवस काढतो, ती यंत्रे हलक्या वितरणावर उभी करतो आणि पेट्रोलचे पैसे विचारले तर रागावतो. मुले चित्रे काढू लागतात, मेन्यूतील ‘संपादन’ आणि ‘दृश्य’ हे मराठी शब्द मोठ्याने वाचतात. ते शब्द पैसे न घेता बसवणाऱ्यांत कोणे एके काळी तोही होता. शिक्षकांना हे ठाऊक नसते आणि चहा निवेपर्यंत सगळे सांगणारा हा गृहस्थ एवढे मात्र सांगत नाही.

निघताना तो शिक्षकांसाठी भिंतीवर एक कागद चिकटवतो. अशाच एका शाळेतील कागदाच्या माथ्यावर ‘काही अडल्यास एकच कमांड’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असून त्याखाली सतरा ओळी आहेत. अठराव्या ओळीत त्याचा मोबाईल क्रमांक आहे.