पंच्याहत्तर टक्के मेलेली गाडी

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आमच्या गल्लीतला गुलमोहर आडवा झाला, तो नेमका आमच्या नऊ वर्षांच्या हॅचबॅकवर. छत सीटला टेकलं होतं आणि बॉनेटवर लाल फुलांचा सडा. एखाद्या पुढाऱ्याच्या अंत्ययात्रेची गाडी वाटावी असा थाट. अग्निशमन दलाची माणसं फांद्या कापत होती, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या नानांनी निकाल दिला, "देवाची करणी. विमावाले दमडी देत नाहीत."

मी निवृत्त गणितशिक्षक. न वाचता बोलणाऱ्यांचा मला राग आहे, म्हणून त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा पॉलिसी वाचली. वादळ, पूर, भूकंप, दरड, सगळं नावानिशी छापलेलं. देवाच्या करणीची यादी इतकी सविस्तर पुराणांतही नसेल. मात्र पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची नको. नानांची नुसती थर्ड पार्टीची आहे, हे मला तेव्हा कळलं.

क्लेम फॉर्मवर हिने सही केली, बाकीचे रकाने मी सुवाच्य अक्षरात भरले आणि सूत्रं हाती घेतली.

वर्कशॉपचं इस्टिमेट आलं २,७०,००० रुपये. पॉलिसीवर गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यापुरती ठरलेली किंमत, होती २,४०,०००. मला वाटलं, संपलं, टोटल लॉस. पण सर्व्हेअर शांतपणे मोबाइलचा टॉर्च मारत फिरला आणि घसारा लावत गेला. प्लास्टिक आणि रबर, ५० टक्के कापा. पत्रा, गाडी पाच ते दहा वर्षांतली, ४० टक्के कापा. काचेला मात्र घसारा नाही. काच म्हातारी होत नाही असं विमाशास्त्र मानतं. शेवटी आकडा निघाला १,७२,०००.

"काका, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तरच टोटल लॉस. तुमचं १,८०,००० च्या खाली आहे. रिपेअर होईल."

म्हणजे कंपनी देणार जेमतेम १,७२,०००, उरलेले साधारण ९८,००० आमचे, आणि हाती येणार ठोकून सरळ केलेलं छप्पर. उलट गाडी आणखी आठेक हजारांनी मोडली असती, तर जवळपास पूर्ण २,४०,००० मिळाले असते. टक्केवारी मी छत्तीस वर्षं शिकवली, पण आठ हजारांच्या नुकसानीसाठी कोणी देव पाण्यात घालावेत असं उदाहरण एकाही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

मी रोज वर्कशॉपला जाऊन बिघाड शोधू लागलो. नऊ वर्षं डॅशबोर्डमागे काहीतरी खडखडायचं. सर्व्हेअरला ऐकवायला गेलो तर गाडी मुकी! वर तो म्हणाला, "जुना खडखडाट धरत नाहीत. झाडामुळे झालेलंच." मग मी झाडाची बाजू मांडू लागलो. हे दार बघा, नीट लागत नाही. ते लागलं. चांगलंच लागलं, माझं बोट आत असताना.

गाडी पूर्ण उघडल्यावर फोरमनला डॅशबोर्डमागचा आडवा दांडा वाकलेला दिसला, वायरिंगही दोन ठिकाणी चेपलेलं. पुरवणी इस्टिमेट गेलं, सर्व्हेअर पुन्हा आला, आकडा झाला १,८६,०००. मी आनंदाने फोरमनचा हात दाबला. शेजारी एक गृहस्थ आपली गाडी टोटल लॉस झाली म्हणून डोळे पुसत होते. त्यांच्या गाडीवर कर्ज होतं. विम्याचा पैसा आधी बँकेकडे जाणार. मी लगेच चेहरा लांब केला.

मग कंपनीचा फोन. "सर, गाडीची आजची मार्केट व्हॅल्यू १,९५,००० आहे. तेवढ्यात सेटल करू."

इथे मात्र मी पॉलिसी वाचलेला माणूस होतो. टोटल लॉसला पॉलिसीच्या वर्षभर आयडीव्ही हीच बाजारभाव धरायची, मधेच आणखी घसारा लावायचा नाही, हे त्यांच्याच कागदावर लिहिलेलं. मी चार पानी पत्र लिहिलं. त्यात सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली आणि महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाईन असा दमही भरला. लोकपालांचं कार्यालय नारायण पेठेत, घरापासून चालत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. फुकट आणि पायी जाता येईल असं भांडण पुण्यात रोज मिळत नाही. मी जाताना घालायचा सदरासुद्धा इस्त्री करून ठेवला.

पत्राला उत्तर आलं नाही. एका दुपारी हिने माझ्यासमोर कंपनीला फोन लावला. "आयडीव्ही २,४०,००० आहे ना? मग तेवढेच. मेल करा." पंधरा मिनिटांत मेल आली, तिच्या मोबाइलवर. हजार रुपये सक्तीची वजावट, सांगाड्याला बोली ६२,०००. कंपनी देणार १,७७,०००, सांगाडा घेणारा ६२,०००. इस्त्रीचे दहा रुपये वाया गेले.

सांगाडा न्यायला आलेल्या माणसाने मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३० पुढे केले. मी सावध झालो. मेलेल्या गाडीची कागदपत्रं आणि चासी नंबर चोरीच्या गाडीला चिकटवायचा धंदा चालतो, आणि पोलीस येतात जुन्या मालकाच्या दारात. मी त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ समजावलं: गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, नोंदणी रद्द करून घ्यायची. नाहीतर आधी स्वतःच्या नावावर करून घे, मगच गाडी हलव. कोऱ्या कागदावर मी सही करणार नाही म्हणजे नाही!

त्याने सगळं नम्रपणे ऐकून घेतलं, आरसी बुक उलगडलं आणि माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

"ते बरोबर आहे काका. पण गाडी मॅडमच्या नावावर आहे. त्या आहेत का?"

ही बाहेर आली. तिने खरेदीदाराचा नाव-पत्ता भरून घेतला, त्याच्या आधार कार्डाचा फोटो काढला, नोंदणी रद्द करायचा अर्ज त्याच्यासमोर पुरा केला आणि मगच सही केली. पैसे तिच्याच खात्यात आले. नवी गाडी तिने परवा बुक केली. मला रंग विचारला होता. मी निळा म्हणालो. पांढरी येतेय.