शेंदूर लावा, प्रश्न मिटला

स्कॉटलंडमधल्या रोझमार्की या लहानशा गावात पिक्ट या तिथल्या प्राचीन लोकांच्या कोरीव दगडांसाठी ग्रोम हाउस नावाचं संग्रहालय आहे. मीगल गावाने तर जुनी शाळाच दगडांना देऊन टाकली. आपल्याकडेही पडक्या शाळेत दगड असतात, पण ते छपरावरचे पत्रे उडू नयेत म्हणून.

तरी हदगावच्या माणसाला कोरीव दगड बघायला पासपोर्ट कशाला? मराठवाड्यात वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, कितीतरी गावांत उभे आहेत. खाली ढाल-तलवार घेऊन झुंजणारा गडी, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच गडी, माथ्यावर चंद्र-सूर्य. आपण त्याला शेंदूर फासतो, ऑइलपेंटने डोळे काढतो. नाहीतर आडवा पाडून त्यावर धुणं आपटतो. संवर्धनाची दोन्ही खाती चोख!

मराठवाड्यातल्याच तेर गावच्या रामलिंगप्पा लामतुरेंनी मात्र उगाच घोळ घातला. पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडलेली मडकी, मणी, मूर्ती वर्षानुवर्षं जमवत बसले. त्यातून उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय आज त्यांच्या नावाने आहे. तिथे नारळ फोडता येत नाही, नवस बोलता येत नाही. मग एवढ्या लांब जायचं कशाला?