तिकीट नसलेली परिषद

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या की. मनू त्या फॉसडेम परिषदेला ब्रसेल्सला निघाली म्हणे? मला दूधवाल्याकडून कळलं, तुम्ही कुठल्या सांगताय! रागवत नाही हो. आमचा श्री हॉलंडला असतो ना, तो फेब्रुवारी लागला की आगगाडीनं त्याच फॉसडेमला जातो, म्हणून म्हटलं चार गोष्टी तुमच्या कानावर घालाव्यात.

कंपनी पाठवतेय का? नाही? पदरचे पैसे घालून? धाडसाची आहे हो पोरगी. बाकी तिथं आत जायला दमडी पडत नाही. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, गळ्यात बिल्लासुद्धा नाही. 2001 पासून असंच चाललंय. मुक्त सॉफ्टवेअरवाली मंडळी ती, दाराशी पावती फाडायला बसवणार कुणाला? यूएलबी नावाचं विद्यापीठ आहे, त्याच्या सोल्बॉश आवारात शनिवार-रविवार हजारो माणसं लोटतात.

पण व्हिसाच्या खिडकीवर ही गोष्ट पटवायची कशी? परिषदेला निघालीय आणि तिकीट नाही म्हटलं तर समोरचा आधी भुवयाच उंचावणार. म्हणून पत्रात सरळ लिहायचं, की बाबा, इथं तिकीट नसतंच. सोबत कार्यक्रमपत्रिका छापून जोडायची, रजेचं पत्र, हॉटेल, बँकेचे कागद. आणि 30,000 युरोचा प्रवासी विमा, तो तर लागतोच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, तेव्हा दिवाळीचा फराळ उरकला की बघू असं म्हणू नका. तुमचं सगळं शेवटच्या क्षणी असतं, माहितीय मला.

आधी मिलानला मैत्रिणीकडे जाणार आहे का? मैत्रीणच ना? बरं, बरं, मी आपलं सहज विचारलं. मग तिथून स्वस्त विमान बघेल ती, आणि नेमकी तिथंच फसेल. ब्रसेल्सच्या नावाचे दोन विमानतळ आहेत. झावेंटेमचा गावाला लागून, आणि शार्लरॉयचा 50 किलोमीटरच्या आसपास लांब. स्वस्तातली विमानं बहुतेक त्या लांबच्यावर उतरतात. वाचलेले पैसे बसभाड्यात जायचे आणि उतरल्यावर काळोखात वाट बघत उभं राहायचं! तिथं फेब्रुवारीत सकाळी आठलाही धड उजाडत नाही. बर्फ क्वचित, पण पावसाची रिपरिप भारी. कोट पाणी न धरणारा असू दे, बूटही. तुमची ती काश्मीरहून आणलेली शाल ठेवा कपाटात.

पाट्यांनी गोंधळायचं नाही म्हणावं. एकाच स्टेशनाला फ्रेंचमध्ये मिदी म्हणतात आणि डचमध्ये झाउड. बेळगावला मावशीकडे जाऊन आलेल्या पोरीला पाट्यांचं राजकारण काय शिकवायचं म्हणा! फक्त त्या स्टेशनात बॅग पायांत धरून उभी राहा म्हणावं, हात चलाख लोक आहेत तिथं. गावातून विद्यापीठाला 71 नंबरची बस जाते. आणि लॅपटॉपची आपली तीन पिनांची वायर तिकडच्या भिंतीत शिरत नाही, अडॅप्टर इथूनच न्यायचा.

आता खरी गंमत ऐका. एकाच वेळी ढीगभर खोल्यांत भाषणं चालू असतात. खोली भरली की दारावर ‘भरली’ असा कागद लावतात, आणि मग कुणी कितीही मोठा असो, आत सोडत नाहीत. मागच्या गल्लीतल्या वकिलांचा मुलगा गेला होता. त्यानं म्हणे मिनिटामिनिटाचं वेळापत्रक रंगीत पेनानं आखलं होतं. या इमारतीतून त्या इमारतीत, पावसात, धावत. दोन दिवसांत त्यानं पाहिली ती बंद दारं! घरी येऊन सांगतो काय, तर व्यवस्था ढिसाळ. व्यवस्था कशाची ढिसाळ? भाषणं चित्रित होतात, पुढं घरबसल्या बघता येतात. मग पळायचं कशाला? श्री एकच खोली धरतो, तिथली मधली दोन रटाळ भाषणं सोसतो आणि जागा सोडत नाही. नाहीतर व्हरांड्यातल्या टेबलांपाशी उभा राहतो. ज्यांचं सॉफ्टवेअर आपण रोज वापरतो ती माणसं तिथं स्टिकर वाटत उभी असतात, त्यांना तोंडावर विचारता येतं की हे असं का केलंत! मनूला एरवी बोलायला लाज वाटते ना? तिला सांगा, एक नेमका प्रश्न घरून ठरवून ने. तिथले निम्मे लोक तिच्याहून लाजाळू असतात.

शुक्रवारी रात्री बियरचा मेळावा असतो, बरीच वर्षं तो डेलिरियम कॅफेत भरलाय. तोंड असं नका करू, वहिनी! 2004 साली 2,004 प्रकारच्या बियरसाठी गिनीज बुकात नाव गेलंय त्या दुकानाचं. प्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे? लिंबूपाणी हातात धरून उभी राहिली तरी चालेल. एकट्यानं गेलेल्याला दुसऱ्या दिवशी सोबतीला दोन ओळखीचे चेहरे मिळतात, ते मोलाचं. फक्त परतताना एकटीनं गल्लीबोळ धरायचे नाहीत.

आणि खाण्याचं बघा हं. बटाट्याच्या सळ्या तिथं ठेल्याठेल्यावर मिळतात. शाकाहारीच की, म्हणून आमच्या विहीणबाईंनी दोन पुडे फस्त केले आणि मग कळलं, जुन्या पद्धतीनं त्या गाईच्या चरबीत तळतात. बाई दिवसभर बोलल्या नाहीत! हल्ली पुष्कळ ठिकाणी तेल असतं, पण आधी विचारायचं. रविवारी दुकानंही बरीच बंद, तेव्हा शनिवारीच काहीतरी घेऊन ठेवू दे. नाहीतर तुमच्या दशम्या आहेतच.

परतीचं तिकीट काढलंत का? रविवारचं असेल तर बदला. कार्यक्रम संध्याकाळपर्यंत चालतो आणि मग आवरायला माणसं लागतात म्हणून हाक देतात. खुर्च्या उचलता उचलता ज्या गप्पा होतात, त्या चुकवू नकोस म्हणावं. सोमवारचं काढा, दुपारचं.