कारबेटरवाले बापू

वऱ्हाडात जुन्या जीपवाल्यांच्या दोन जाती. डिझेलवाले जीप चालवतात, पेट्रोलवाले जीप राखतात. बापू पेट्रोलवाल्यांतले. बडनेऱ्यापासून अकोटापर्यंतच्या पट्ट्यात दर मोठ्या गावाला असा एक बापू असतोच. वय साठीपुढचं, खांद्यावर दुपट्टा, वावर ठोक्यानं दिलेलं, पोरगा पुण्यात आणि अंगणातल्या निंबाखाली महिंद्राची सीजे-थ्रीबी. हिचं बोनेट एवढं उंच का, असं चुकून विचारलंत तर तुमचा चहा थंड झालाच म्हणून समजा. खालचं हरिकेन इंजिन उंच, म्हणून बोनेट उंच. क्षमता २१९९ सीसी. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. हे सगळं बापूंच्या नातवालाही पाठ आहे.

जीप मिसिंग करते. पिकअप नाही, अ‍ॅव्हरेज तर विचारूच नका. बापूंचं निदान ठरलेलं: कारबेटर गेला. स्टार्टरनं कुरकुर केली, तरी कारबेटर. मग नवा कोणता घ्यायचा, हा प्रश्न पडतो आणि बापूंच्या चेहऱ्यावर तकाकी येते.

पर्याय तसे चारच. जुना सोलेक्स नवं किट टाकून वापरायचा. अमेरिकेत याच इंजिनावर कार्टर वायएफ बसायचा, त्याची नक्कल मागवायची. फियाटचा सोलेक्स जुळवायचा. नाहीतर जिप्सीचा, लेथवर अ‍ॅडॉप्टर प्लेट काढून. चारही बापूंना पटत नाहीत. नक्कल म्हणजे बाटलेली. फियाटचा "शहरी". जिप्सीबद्दल तर ते पोटतिडिकीनं बोलतात : "१९८५ ची जिप्सी, ९७० सीसीचं इंजिन तिचं. इतक्याशा नरड्यानं आपल्या गाडीनं श्वास घ्यावा का, राजेहो?" हिशेब चुकीचा नाही. पण पुढं तेराशे सीसीची जिप्सीही आली, हे कोणी काढलं की बापूंना ऐकू येत नाही.

अमरावतीतले मिस्त्री चाचा मात्र पाच मिनिटांत मोकळे झाले. इंजिन चालू ठेवून त्यांनी थ्रॉटलचा शाफ्ट चिमटीत धरला आणि वर-खाली हलवला, तो खुळखुळला. मग पेट्रोलचे दोन थेंब नेमके शाफ्टच्या बाजूला सोडले. फडफडणारं इंजिन क्षणभर सरळ बोललं आणि पुन्हा फडफडायला लागलं. "देखा बापू? कारबेटर अच्छा है. शाफ्ट ढीला हो गया, बाजू से हवा ले रा. बुश डालते, खतम बात." बापूंचा चेहरा पडला. एवढ्यावर भागलं, तर निवडायचं काय उरलं? चाचांना गिला वडा खाऊ घालून त्यांनी विषय तिथंच मिटवला आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याची वाट धरली.

अर्थात भाच्याच्या कारमधून. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची डांबरी लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला होता. तेवढ्या वेळात बापूंची चर्चा मेनजेटपर्यंत पोचते. अकोल्याच्या दुकानात त्यांनी सोलेक्स हातात घेतला तो बैलबाजारात गोऱ्हा पाहावा तसा. आधी लांबून, मग जवळून, मग झडप उघडून आत. जेटवरचा आकडा वाचायला चष्मा काढला, भाच्याचा लावला. "एकशेवीस," दुकानदार म्हणाला. म्हणजे भोक सव्वा मिलिमीटरलाही थोडं कमी. "जरा मोठा दाखवा." मोठा दाखवला. "याच्यात पेट्रोल लय पिईन." मग लहान. दुपार झाली. दुकानदारानं शटर अर्धं ओढलं, तेव्हा बापू म्हणाले, "इचार करून सांगतो."

विचारात उन्हाळा आला. अकोल्याचा पारा पंचेचाळिसावर गेला, की पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंप नुसती वाफ ओढतो आणि जीप भर चौकात बसते. बापू पंपावर ओलं फडकं गुंडाळतात, दहा मिनिटं थांबतात, जीप सुरू होते. शिव्या मात्र कारबेटरलाच. त्यात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि जुन्या रबरी नळ्या, पंपाचं डायफ्रॅम कुरकुरायला लागलं. बापूंचा संताप अनावर झाला : "आपल्या वऱ्हाडात ऊस कुठी हाय? अन् जीपले ऊस पाजून रायले! कापसाचं काढलं असतं तं बात येगळी होती."

काकूंचं मत एका वाक्यातलं आहे. "मले पाह्याले आले तवा दहा मिन्टात हो म्हनलं यायनं. कारबेटर पाहून रायले तं तीन वरसं झाले."

शेवटी पोरानं दिवाळीत येऊन चाचांकडून गुपचूप बुश बसवून घेतलं. जीप पहिल्या सेल्फला उठली. बापू आनंदानं परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला गेले. तिथली उंची हजार मीटरच्या वर. हवा विरळ, पेट्रोल तेवढंच. बापूंनी प्लग काढून पाहिला. काळसर! "पाह्यलं? म्याट होता का मी? घाटावर येगळा कारबेटर लागते अन् खाली येगळा." आता दोन घ्यायचे ठरलं आहे.

तेव्हा तुमच्या माळ्यावर जुना सोलेक्स पडला असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका, गावच्या बापूला नेऊन द्या. तो बसवणार नाही, पण त्याचा हिवाळा मजेत जाईल. तुमची स्वतःची जीप मिसिंग करत असेल, तर आधी शाफ्ट हलवून पाहा आणि मुकाट्यानं बुश टाका. आणि बापूनं "कोणता घेऊ?" असं विचारलं, तर चपला पायात घालूनच उत्तर द्या.