वऱ्हाडातली भट्टी

घर उबदार ठेवायला गॅसची भट्टी घ्यावी की विजेची, हा थंड देशांतला गंभीर प्रश्न आहे. अकोला-अमरावतीत मे महिन्यात भट्टी फुकट आणि घरपोच मिळते. पारा ४५ च्या पुढे सरकला की गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी अंगावर घेणे धाडसाचे ठरते. खरी थंडी हवी असणारे चिखलदऱ्याला खोली बुक करतात. निवड उरते ती डिसेंबर-जानेवारीच्या आंघोळीपुरती.

विजेच्या गिझरचे गणित सोपे आहे. १५ लिटर पाणी २० अंशांनी तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट लागते. २ किलोवॅटचा गिझर हे काम दहा-अकरा मिनिटांत उरकतो, अर्थात वीज असेल तर. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी असे, की गिझरची कॉइल लवकरच क्षारांची शाल पांघरून बसते.

गॅसचा गिझर तत्पर असतो, पण १४.२ किलोच्या सिलिंडरवर पोळ्यांचाही हक्क असतो. शिवाय त्याला खेळती हवा लागते. कोंदट न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो; त्याला ना रंग, ना वास, आणि तो जीव घेतो. म्हणून गिझर बाहेर बसवावा, असे माहितीपत्रकात छापलेले असते. माहितीपत्रक खोक्याबरोबर रद्दीत जाते, आणि खिडकी गार वारा येतो म्हणून बंद होते.

तिसरा पर्याय दुकानदार सांगत नाही: अंगणातला बंब. कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाट्या, तुरीनंतर तुराट्या. या इंधनाला ना नोंदणी, ना ओटीपी. धूर मात्र सगळ्या आळीला सारखा वाटला जातो.