बारा गिअर कमी

२१ या आकड्यापुढे पेण तालुक्यातला माणूस आपोआप हात जोडतो. दूर्वा २१, मोदक २१. आमच्या पेणची अर्धी ओळखच गणपतीच्या मूर्तींची, त्यामुळे सायकलच्या दुकानात ‘काका, २१ गिअर आहेत’ हे ऐकल्यावर पुढे शंका काढणं पाप वाटतं. पुढे ३ चकत्या, मागे ७. गुणाकार दुकानदार करतो, पैसे आपण मोजतो.

आता हे गिअर वडखळला लावायचे कुठे? इथे महामार्ग सरळ नागोठण्याकडे जातो आणि उजवीकडचा फाटा अलिबागला. आजूबाजूला खाडी, खारजमीन आणि भातशेती, म्हणजे सगळं ताटासारखं सपाट. धरमतरच्या पुलावर थोडा दम लागतो; खरा चढ पाहायचा तर पोयनाडच्याही पुढे कार्ले खिंड गाठावी लागते. नाक्यावर कोंडी झाली की कुठलाच गिअर उपयोगाचा नसतो. तिथे सायकल हातात धरून चालणारा मोटारवाल्यांकडे ज्या दयेनं पाहतो, ती अनुभवायला तरी प्रत्येकानं सायकल घ्यावी.

एका रविवारी सायकल पालथी करून दाते मोजले. पुढे ४२, ३४ आणि २४. मागे १४ पासून २८ पर्यंत. पुढे ४२ आणि मागे २८ ठेवलं, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दीड वेळा फिरतं. पुढे २४ आणि मागे १६ ठेवलं तरीही दीडच! मधली ३४ ची चकती मागच्या २२ वर नेली की येतात १.५५. म्हणजे तीन वेगळ्या जागी हात घालून बाहेर काढायचा तोच गिअर. शिवाय पुढची मोठी चकती आणि मागचीही मोठी अशी जोडी लावली की चेन तिरकी होते आणि कुरकुरते. हे सगळे वजा केले, की आपण कौतुकानं आणलेल्या २१ पैकी कामाचे फार तर निम्मेच उरतात.

टूर दी फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांनी १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं, की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी असतात. चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या डिरेलरला त्या शर्यतीत मोकळीक मिळाली ती १९३७ साली. देग्रांज माझ्या वयाला आधार देतात, हे मान्य; पण पुढच्या ३ चकत्यांना नाही.

डोंगरातल्या सायकलींनी मात्र पुढच्या दोन चकत्या सोडून दिल्या. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीनं ‘एक्सएक्स १’ आणलं: पुढे एकच चकती, मागे ११. युक्ती दातांत होती. एक दात जाड, एक बारीक. चेनच्या कड्यांतली जागा एकाआड एक रुंद आणि अरुंद असतेच, त्यामुळे दात घट्ट बसतात आणि खड्ड्यातही चेन सहसा पडत नाही. पुढचा डिरेलर, त्याची केबल, डाव्या हाताचा खटका, सगळ्याला रजा. आमच्या खाऱ्या हवेत गंजायला तेवढंच कमी.

हौशी माणसाला परवडेल असा हिशेब असा. पुढे ३२ ची एकच चकती, मागे ११ ते ४२ अशा ९. सर्वांत जड गिअर २.९१, माझ्या २१ वाल्यात तो ३. सर्वांत हलका ०.७६, माझ्या सायकलीत ०.८६. म्हणजे खिंडीत ही ९ वाली जास्त हलकी, आणि उतारावर जे गमावायचं ते जेमतेम. दोन गिअरमधली पायरी मोठी, हा दोष खराच. पण त्याची तक्रार शर्यतवाल्यांनी करावी, पोयनाडला चहा पिऊन परतणाऱ्यांनी नव्हे.

हे सगळं मी घरी आकड्यांसकट मांडलं. बायकोनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “नवी सायकल जुनीपेक्षा महाग?”

“हो, थोडी.”

“आणि गिअर बारा कमी?”

मी पुन्हा दात्यांपासून सुरुवात केली.